दुसरी मूठ

तांदूळ धुण्याआधी पी एक मूठ बाजूला काढायची.
त्यात नवल नव्हतं. आमच्या मिझो डोंगरांत
प्रत्येक चुलीपाशी देवाचा एक डबा असतो.
सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक,
आणि शनिवारी चर्चच्या बाया पाठीवर टोपली घेऊन येतात,
डबे रिकामे करून नेतात.

नवल एवढंच की आमची पी दोन मुठी काढायची.
पहिली सहज, कोंबड्या हुसकता हुसकता.
दुसरी गप्प राहून.

आई कुरकुरायची. नऊ माणसांचं घर,
पातेल्याचा तळ लागायचा तेव्हा कुठे माझी पाळी.
"देव काय आपल्याच घरी जेवायला असतो?"
पीच्या गालात तंबाखूच्या धुराचं पाणी असायचं,
त्यामुळे उत्तर देणं तिला नेहमीच टाळता यायचं.

रात्री ती सगळ्यांची नावं घ्यायची.
मुलं, सुना, नातवंडं, वयाच्या क्रमानं,
परागंदा झालेला एक जावईसुद्धा.
माझं नाव सतरावं.
थंडीत गोधडीखाली मी सतराव्यापर्यंत जागी राहायचे,
माझ्यापुढच्यांचं काय झालं ते
मला आजही माहीत नाही.

मग बांबू फुलले. अठ्ठेचाळीस वर्षांनी.
मी ऐझॉलच्या इस्पितळात नर्स होते तेव्हा.
सुट्टीत घरी गेले तर अख्खा डोंगर पिवळट,
आणि पी पायरीवर बसून त्याच्याकडे
जुना सावकार दारात यावा तशी बघत होती.

"गेल्या खेपेला फुलांमागून उंदीर आले," ती म्हणाली.
"एका रात्रीत शेत साफ. आम्ही रानातले कंद खणून खायचो.
तुझे रोथांगा काका दोन वर्षांचे.
रडायचेही थांबले होते.
डबे गोळा करायची पाळी माझी होती.
ओढ्यापाशी टोपली उतरवली
आणि सात मुठी काढल्या. देवाच्या.
त्याची पेज करून ह्याला पाजली."

हेच ते रोथांगा काका,
उपदेश सुरू झाला की पहिल्या बाकावर घोरणारे.

मी मोबाइलवर गुणाकार केला.
"पी, सातांचे तू पस्तीस हजार परत केलेस!"
तिनं तोंडातलं पाणी थुंकलं, ओठ पुसले.
"मोजणं त्याचं काम.
जास्त झाले असतील तर देईल की परत."

ती गेली फेब्रुवारीत.
गावच्या पोरांनी कबर खणली,
रात्रभर घरात ढोल, गाणी, काळा चहा.
चर्चचे वडील प्रार्थनेला उभे राहिले, तिच्यासारखी नावं घेऊ लागले
आणि अकराव्यावर अडले.
कुणी खोकलं. कुणी हळूच एक नाव सुचवलं, तेही चुकीचं.
मी डोळे मिटून सतराव्याची वाट बघत होते.

शनिवारी बाया आल्या. डबा मीच आणला.
तळाशी थोडेसे तांदूळ.
शेवटी शेवटी तिची बोटं मिटत नसत,
मुठीतून निम्मे दाणे परत सुपात सांडायचे,
ती पुन्हा वेचायची.
ह्यातले पहिल्या मुठीचे कुठले, दुसरीचे कुठले,
कोण सांगणार?

बायांकडे पाठ करून
मी त्यातले चिमूटभर काढले, खिशात टाकले.

माझा चर्चशी फारसा संबंध उरलेला नाही.
ते दाणे आता कपाटात आहेत, युनिफॉर्मच्या घडीखाली,
एका रिकाम्या गोळ्यांच्या बाटलीत.
पीला कळलं असतं तर आधी ओरडली असती,
मग विचारलं असतं, किती घेतलेस?

मोजले नाहीत, पी.
शनिवारी इथेही बाया येतात.
मी डबा विकत आणलाय.